कोळकांदा, कंदीलपुष्प आणि बियांपासूनची लागवड

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, उरलेले आठ महिने माळ कोरडे पडतात आणि कातळावरचा मातीचा थर कित्येक ठिकाणी वीतभरही नसतो. अशा जागी वर्षानुवर्षे टिकणाऱ्या अनेक वनस्पती पाणी आणि अन्न जमिनीखाली साठवतात. पानांच्या मांसल तळांचे थर एकमेकांवर बसून जो अवयव बनतो तो कांदा, तर खोड किंवा मूळ फुगून बनतो तो कंद. हौशी बागकामात दोहोंना सरसकट ‘बल्ब’ म्हणतात, पण बियांपासून रोप वाढवू पाहणाऱ्याला हा भेद ठाऊक असलेला बरा.

कांद्याचे उत्तम उदाहरण म्हणजे कोळकांदा किंवा रानकांदा, शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका. त्याची पाने पावसाळ्यात दिसतात, पण फुलांचा उंच दांडा भर उन्हाळ्यात, एकही पान नसताना, जमिनीतून सरळ वर येतो आणि पावसाआधी बोंडे तडकून काळे, चपटे बी वाऱ्याने पसरते. म्हणजे पहिली सर येते तेव्हा ताजे बी मातीवर पोचलेले असते. रुजल्यावर प्रथम एकच बारीक पान निघते आणि त्याच्या तळाशी इवलासा कांदा धरतो. कांदेवर्गातील अनेक रोपांना आकुंचनशील मुळे, म्हणजे लांबी कमी करून कांद्याला खाली ओढून घेणारी मुळे असतात, त्यामुळे वरवर पेरलेल्या बियांचा कांदा पुढे खोल जातो आणि सुरुवातीची उथळ कुंडी नंतर बदलावी लागते. फूल येण्यासाठी काही वर्षे थांबण्याची तयारी हवी. या कांद्यात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असल्याने तो विषारी आहे. मुले किंवा पाळीव जनावरे असलेल्या घरात त्याची कुंडी हाती लागणार नाही अशी ठेवावी.

कंदाच्या बाजूने सर्वांत देखणा वंश कंदीलपुष्पाचा, म्हणजे सेरोपेजियाचा. भारतात त्याच्या पन्नासहून अधिक जाती असून त्यांतील बऱ्याचशा पश्चिम घाटाबाहेर कोठेही आढळत नाहीत. मोखाड्याच्या पूर्वेला, त्र्यंबकेश्वराजवळच्या अंजनेरी डोंगरावरून सेरोपेजिया अंजनेरिका या नव्या जातीचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०१७ मध्ये त्या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. कंदीलपुष्पाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. आत शिरलेली बारीक माशी त्यांमुळे अडकते, केस सुकले की परागपुंजांसह सुटते आणि दुसऱ्या फुलात शिरून परागण घडवते. अशी माशी घरात मिळणे कठीण असल्याने कुंडीतल्या वेलीला फळ क्वचितच धरते. धरले तर जोडीने येणाऱ्या शेंगांतून रेशमी झुपका असलेले बी मिळते. शेंग तडकण्याआधी तिला पातळ कापडाची पिशवी बांधली नाही, तर ते बी उडून गेलेच म्हणून समजावे.

दोहोंची पेरणी पावसाच्या तोंडावर करावी. लाल माती, जाड वाळू किंवा खडीची कच आणि थोडे पालापाचोळ्याचे खत अशा मिश्रणावर बी पसरून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा आणि ओल टिकवावी, परंतु पाणी साचू देऊ नये. ताजे कंदीलपुष्पाचे बी साधारण एक-दोन आठवड्यांत रुजते. जुने होत जाईल तशी त्याची उगवणशक्ती घटते. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे आणि कुंडी पुढच्या पावसापर्यंत कोरडी ठेवावी. या विश्रांतीच्या काळात दयेपोटी घातलेल्या पाण्यानेच बहुतेक कंद कुजतात.

घरोघरी टांगल्या जाणाऱ्या, बदामी पानांच्या आफ्रिकी सेरोपेजिया वुडीची रोपे तिच्या खोडावरच्या लहान गाठींपासून सहज होतात, म्हणून तिला बियांची गरज फारशी पडत नाही. सह्याद्रीतील दुर्मीळ जातींची गोष्ट वेगळी आहे. गाठीपासून किंवा छाटापासून झालेली सारी रोपे एकाच झाडाची प्रत असतात, तर बियांच्या प्रत्येक रोपात गुणांची नवी जुळणी असते. रानातून खणून आणलेला कंद मात्र त्या जागचे पुढचे सगळे बीजच संपवतो, आणि अशा कंदांची विक्री कितीही हौसेने झाली तरी समर्थनीय नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती उद्यानात वाढवून त्यांच्या संवर्धनाचे काम केले आहे. जव्हार-मोखाड्यातील रोपवाटिकांनीही स्थानिक कांदे-कंदांचे बी परवानगीने मिळवून, त्याच्या मूळ जागेची नोंद ठेवून रोपे तयार केली, तर हौशी माणसाला कुंडीही मिळेल आणि माळावरच्या झाडाला कुदळ लावण्याचे कारणही उरणार नाही.