विश्लेषण : छोट्या गावातला ‘सर्व खेळांचा’ खेळाडू विद्यापीठांच्या नजरेतून कसा सुटला? जोश ॲलनच्या वाटचालीतून काय दिसते?

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) २०२४ च्या हंगामात सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान बफलो बिल्सचा जोश ॲलन याला मिळाला. मार्च २०२५ मध्ये संघाने त्याच्याशी ३३ कोटी डॉलरचा नवा करार केला. हाच मुलगा शाळेतून बाहेर पडला तेव्हा वरच्या श्रेणीतील एकाही विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. असे का झाले?

कोण आहे जोश ॲलन?

ॲलन हा कॅलिफोर्नियातील फायरबॉ या गावचा. गावाची वस्ती जेमतेम आठ हजार आणि सगळा व्यवहार शेतीवर. त्याच्या कुटुंबाचीही मोठी शेती आहे. कापूस, खरबूज ही तिथली पिके. शाळेत तो अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक होता. म्हणजे प्रत्येक डावात चेंडू हातात घेऊन तो कुणाकडे फेकायचा, हे ठरवणारा खेळाडू. बास्केटबॉलमध्ये संघातर्फे सर्वाधिक गुण त्याचे असत आणि बेसबॉलमध्ये तो ताशी ९० मैल (सुमारे १४५ किलोमीटर) वेगाने चेंडू टाकत असे.

एकच मुलगा तीन संघांत कसा?

अमेरिकी शाळांत खेळांचे हंगाम ठरलेले असतात. शरद ऋतूत फुटबॉल, हिवाळ्यात बास्केटबॉल आणि वसंतात बेसबॉल. त्यामुळे एकच विद्यार्थी वर्षभरात तिन्ही खेळ खेळू शकतो. लहान शाळेत तर तीच गरज असते. मुलेच कमी असल्याने चपळ मुलांना सगळ्याच संघांत उतरावे लागते. शहरांत मात्र अनेक मुले लहान वयातच एक खेळ निवडतात आणि खासगी प्रशिक्षकाकडे बारा महिने तोच खेळतात.

अनेक खेळ खेळण्याचा फायदा काय?

एकाच खेळात तेच सांधे आणि तेच स्नायू सतत वापरले जातात. त्यातून अतिवापराच्या दुखापती होतात. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या मुलांचे कोपर आणि खांदा हे त्याचे नेहमीचे उदाहरण. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सल्ला दिला होता, की साधारण १५-१६ वर्षांपर्यंत मुलांना एकाच खेळात अडकवू नये. कौशल्यांचाही फायदा होतो. आपल्या शरीराला आलेले वैविध्य या वेगवेगळ्या खेळांमुळे आहे, असे ॲलननेही सांगितले आहे.

मग विद्यापीठांनी पाठ का फिरवली?

एनएफएलचा रस्ता विद्यापीठांतून जातो. शाळा सोडून तीन वर्षे झाल्याशिवाय खेळाडूला लीगमध्ये प्रवेशच नाही. पण देशभरात शालेय खेळाडू ८० लाखांच्या आसपास. प्रत्येक शाळेत जाणे विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना शक्य नसते. त्यामुळे त्यांची नजर नामांकित शाळा, उन्हाळी शिबिरे आणि संकेतस्थळांवरच्या मानांकनांवर असते. ॲलनचा वेळ इतर खेळांत आणि शेतावर जात असल्याने तो अशा शिबिरांच्या वर्तुळात फारसा दिसलाच नाही. त्यात तो तेव्हा अंगाने सडपातळ होता. तासाभराच्या अंतरावरच्या फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाचा तो लहानपणापासूनचा चाहता, पण त्यांनीही त्याला बोलावले नाही.

दुसरी संधी कुठून मिळाली?

कॅलिफोर्नियातील दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या कुणालाही प्रवेश मिळतो. तिथे क्रीडा शिष्यवृत्ती मात्र नसते. ॲलन रीडली महाविद्यालयात गेला. तिथे त्याची उंची आणि वजन वाढले, खेळही बहरला. मग त्याने देशभरातील प्रशिक्षकांना सुमारे हजार ईमेल पाठवले. प्रस्ताव आले फक्त दोन. त्यातले एक विद्यापीठही नंतर मागे हटले आणि उरले वायोमिंग. तिथे २०१५ मध्ये कॉलरबोन मोडल्याने त्याचा हंगाम वाया गेला. पण २०१६ मध्ये त्याने संघाला विभागीय अंतिम सामन्यापर्यंत नेले. २०१८ च्या एनएफएल निवडीत बिल्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले.

यातून काय दिसते?

‘गुणवत्ता शेवटी दिसतेच’ असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. ज्या गावाने ॲलनला तीन खेळ दिले, त्याच गावामुळे तो निवड करणाऱ्यांपासून लांब राहिला. तो वाचला तो घराजवळच्या, सर्वांसाठी खुल्या महाविद्यालयामुळे आणि शिष्यवृत्तीशिवाय आणखी काही काळ खेळत राहण्याची घरची ऐपत होती म्हणून. फायरबॉत बहुसंख्य वस्ती लॅटिनो समाजाची आहे आणि अनेक कुटुंबे शेतमजुरीवर जगतात. अशा घरातल्या तितक्याच गुणी मुलाला शाळा संपताच कामाला लागावे लागले, तर त्याच्या नावाची नोंद कुठेच होत नाही. म्हणून लहान गावांसाठी खरा प्रश्न खेळाडू घडवण्याचा कमी आणि १८ व्या वर्षानंतर त्यांना खेळत ठेवण्याचा जास्त आहे.