माशांची लस आणि तिची वही

गाईला लस टोचली की तिच्या कानाला बिल्ला लावता येतो. हौदातील लाखभर माशांना तो कोण लावणार?

नॉर्वेत १९८७ साली सामन माशांच्या संवर्धनात जवळजवळ ५० टन प्रतिजैविके खर्ची पडली. पुढे तेलयुक्त लशी आल्या आणि दहा वर्षांच्या आत हा आकडा सुमारे एका टनावर उतरला. तेथे पिलांना गुंगी देऊन, एकेकाच्या पोटात लस टोचून, मगच त्यांना समुद्रात सोडतात. नोंद मात्र सबंध हौदाची असते: तारीख, माशांची संख्या, पाण्याचे तापमान, बाटलीवरील क्रमांक.

ही नोंद खरी कशावरून मानावी? पहिला पुरावा अंकगणिताचा. मात्रा एक दशांश मिलिलिटर असेल, तर एका लिटरात १०,००० मासे व्हावयास हवेत. लस बरीच उरली, तर मासे सुटले असे समजावे. परंतु सुई भलतीकडे गेली असेल, तर हिशेब जुळूनही मासा असुरक्षितच राहतो. म्हणून काही मासे चिरून त्यांच्या पोटातील लशीच्या खुणा तपासाव्या लागतात.

वही खोटी ठरली, तर रोग येतोच. शिवाय दोष चांगल्या लशीच्या माथी बसतो आणि प्रतिजैविकांचा मारा पुन्हा सुरू होतो.