पंखावरची हवा सुटते तेव्हा

11 एप्रिल 1996. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, शायेनच्या विमानतळावरून सकाळी साडेआठच्या सुमारास एका इंजिनाचं सेसना 177 विमान भर पावसात उडालं. आत तिघं होती: सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील आणि प्रशिक्षक वैमानिक. अमेरिका आरपार उडून परत येण्याचा विक्रम जेसिकाच्या नावावर व्हायचा होता. विमान उजवीकडे वळलं आणि धावपट्टीच्या टोकापासून जेमतेम सव्वा किलोमीटरवर, वस्तीत कोसळलं. तिघंही गेली.

दोष इंजिनाचा नव्हता. विमान स्टॉल झालं होतं.

समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन वाढवला की उचल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. लहान विमानांत साधारण 15-16 अंशांच्या पुढे वरच्या बाजूची हवा पंखाला चिकटून वाहायची थांबते, तिचे भोवरे होतात आणि उचल झपकन घटते. हाच स्टॉल. इंजिन पूर्ण ताकदीनं फिरत असलं तरी हे घडतं. ग्लायडर उड्डाणांचा आद्य प्रणेता ऑटो लिलिएन्थाल 1896 साली असाच स्टॉल होऊन पडला आणि दुसऱ्या दिवशी वारला.

यावरचा उपाय प्रत्येक विद्यार्थी वैमानिक शिकतो: नाक खाली करायचं, कोन कमी करायचा, वेग येऊ द्यायचा. त्यासाठी उंची खर्ची पडते. म्हणूनच अमेरिकेत एक इंजिनाच्या विमानात स्टॉलचा सराव करताना जमिनीपासून 1,500 फुटांच्या खाली यायचं नाही, असा दंडक आहे. उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटात ही शिल्लकच नसते. नाक वर, वेग कमी, खाली घरं. अशा वेळी नाक खाली करायला हात धजावत नाही. उलट दांडा मागे ओढला जातो आणि उरलीसुरली उचलही जाते.

शायेनला एकच मोठी चूक झाली, असं म्हणता येत नाही. समुद्रसपाटीपासून 6,100 फुटांहून उंच असलेल्या या विमानतळावर हवा सुमारे सहाव्या हिश्शानं विरळ असते. इंजिन आणि पंख दोघांनाही ती कमी पडते. प्रशिक्षकाचा वावर कॅलिफोर्नियातल्या, समुद्राकाठच्या विमानतळावरचा. त्यात विमान मर्यादेपेक्षा सुमारे 44 किलो जड होतं. वळताना पंखाला जास्त भार पेलावा लागतो, त्यामुळे स्टॉलचा वेगही वाढतो. 60 अंश कललेल्या, उंची राखलेल्या वळणात तो 41 टक्क्यांनी चढतो. इथलं वळण त्यामानानं सौम्य होतं, तरी जादा वजन धरून हा वेग ताशी सुमारे 95 किलोमीटरवरून 103 वर गेला. आठ किलोमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. वारा झोत मारत असताना तो काही सेकंदांत गिळला जातो.

वळताना समोरचा वारा आडवा झाला. तपास अहवालात एक शक्यता मांडली आहे: खालची जमीन मागे सरकण्याचा वेग पाहून प्रशिक्षकानं तोच विमानाचा हवेतला वेग समजला असावा. पंखाला जमिनीवरच्या वेगाशी काही देणंघेणं नसतं.

बिघडत्या हवेत उडण्याचा निर्णय चुकीचा होता, असा तपासाचा निष्कर्ष आहे. त्यामागे ठरलेलं वेळापत्रक आणि माध्यमांना दिलेले शब्द होते, हेही त्यात नोंदवलं आहे. मला हा भाग सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. त्याच वर्षी अमेरिकेनं कायदा करून परवाना नसलेल्यांच्या हाती विक्रमासाठी विमान देण्यावर बंदी घातली. ती योग्यच होती. पण जादा वजन आणि घाई मोठ्यांच्या विमानातही असते.

लहान विमानात बसायचा योग आला आणि वैमानिकानं वजन विचारलं, तर संकोचून चार किलो कमी सांगू नका. सामानही काट्यावर ठेवा. आणि तो ‘आज नको’ म्हणाला, तर आग्रह करू नका.