‘टेबल’ करा म्हणजे मांडा की बाजूला ठेवा?
कार्यालयीन इंग्रजीतील वाक्प्रचारांची गंमत आणि अडचण

वर्धा - वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी (मेघे) परिसरात २०१७ साली शिक्षा मंडळाचे बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाले. अशा कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला अखेरच्या वर्षी दोन परीक्षांना सामोरे जावे लागते. एक विद्यापीठाची, दुसरी नोकरीची. दुसरीत गटचर्चा व मुलाखत असते आणि मराठी माध्यमातून आलेला हुशार विद्यार्थी नेमका तेथेच अडखळतो. व्याकरण येत असते. अडतात ते वाक्प्रचार.

‘बॉलपार्क फिगर द्या,’ असे वरिष्ठाने म्हटले, तर त्याला केवळ ढोबळ अंदाज हवा असतो. हा शब्द अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानावरून आला. विदर्भातील तरुणाने बेसबॉल क्वचितच पाहिलेला असतो. मात्र कोणी ‘बॅकफूटवर’ गेले, हे त्याला चटकन उमगते. कारण क्रिकेट त्याच्या परिचयाचे आहे. वाक्प्रचार त्या त्या समाजाच्या खेळांतून, शेतीतून व स्वयंपाकघरातून घडतात. ‘वड्याचे तेल वांग्यावर’चे शब्दशः इंग्रजी केले, तर समोरच्याला ती पाककृती वाटेल!

इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचीही यातून सुटका नाही. एखादा विषय ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी तो चर्चेला घेणे, तर अमेरिकनांच्या लेखी तो लांबणीवर टाकणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश व अमेरिकी सेनाधिकाऱ्यांत या एका शब्दावरून दीर्घ वाद झाला. विषय तातडीने घ्यावा, यावर दोन्ही पक्षांचे एकमत असूनही! विन्स्टन चर्चिल यांनी महायुद्धावरील आपल्या ग्रंथात ही हकिगत नोंदवली आहे.

आपल्याकडील इंग्रजीचेही असेच आहे. ‘आय हॅव अ डाऊट’ म्हणताना आपल्या मनात ‘शंका’ असते. म्हणजे साधा प्रश्न. परदेशी सहकाऱ्याला मात्र आपल्या कामावर अविश्वास दाखवला जात आहे, असे वाटू शकते. बैठक अलीकडे घेण्यासाठी आपण वापरतो तो ‘प्रीपोन’ हा शब्दही भारताबाहेर अनेकांना अपरिचित असतो.

मग उपाय काय? वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा ते प्रसंगासह समजून घेणे हिताचे. गटचर्चेत अलंकारिक बोलण्याला नव्हे, तर स्पष्ट मुद्दा, त्याला आधार आणि इतरांचे ऐकून घेणे याला महत्त्व असते. सरावासाठी विषयही दूरचे नकोत. ‘विदर्भातील कापसावर विदर्भातच प्रक्रिया का व्हावी?’ या विषयावर वर्ध्याचा विद्यार्थी अधिकाराने बोलू शकतो. नोकरीत एखादा शब्द कळला नाही, तर ‘आपल्याला असे म्हणायचे आहे ना?’ अशी खात्री करून घेण्यात कमीपणा नाही. चुकीचा अर्थ धरून आठवडाभर राबण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. शिक्षण मातृभाषेतून व हाताला काम देणारे असावे, हा तिचा आग्रह होता. कृतीतून शिकण्याचे ते सूत्र इंग्रजीलाही लागू पडते. विचार मराठीत पक्का असेल, तर तो साध्या इंग्रजीतही नेटका उतरतो.