फेअरबँकसाहेबांचा पक्षी

पक्षिशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या मागण्यांचे अर्ज लिहिण्यात गेले. तरी आज एका पाखराविषयी बोलावयाचे आहे, कारण त्याच्या नावाचा धागा आपल्या नगरपर्यंत येतो.

एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक हे अमेरिकन पाद्री नगर भागात काम करीत. पक्षी आणि गोगलगायी यांचा त्यांना मोठा नाद. दक्षिणेतील पळणी डोंगरातून त्यांनी मिळविलेल्या एका पक्ष्याला ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञांनी १८६९ साली 'फेअरबँकी' असे नाव दिले. पांढरी भुवई, करडी रेघाळ छाती, तांबूस पोट, आणि हसल्यासारखा खणखणीत आवाज, असे त्याचे रूप आहे.

जगात हा पक्षी फक्त पालघाट खिंडीच्या दक्षिणेकडील पळणी, अण्णामलै आणि वेलदोड्यांच्या डोंगरांतच सापडतो. असे का? त्याला उंचावरची थंड हवा मानवते. खालचा उष्ण सखल मुलूख त्याला समुद्रासारखा आहे, आणि डोंगरमाथे म्हणजे बेटे. पालघाटची खिंड आहे सुमारे ३० किलोमीटर रुंद; पण तिच्यापलीकडे नीलगिरीवर याचा भाऊबंद निराळा. एका पूर्वजाची लेकरे, लाखो वर्षांच्या ताटातुटीने वेगळी झालेली. अशा चार भावंडांचा 'मोंटेसिंक्ला' हा स्वतंत्र गट शास्त्रज्ञांनी २०१७ साली मानला.

त्या माथ्यांवर घळीघळींतून 'शोला' नावाची दाट रानें आणि मध्ये गवताळ कुरणे असतात. ती पावसाचे पाणी धरून ठेवतात. पुढे तेथे चहा आला. कातडी कमावण्याच्या सालीसाठी वॅटल आणि रेयॉनच्या लगद्यासाठी निलगिरीची झाडे लावली गेली. या धंद्यांवर अनेकांची चूल पेटली, हे आम्ही विसरत नाही. कुऱ्हाड धरणाऱ्या हाताला दोष देणे सोपे असते. लागवडीचा हुकूम मात्र त्या हाताने काढलेला नसतो.

म्हणून रान राखावयाचे तर मजुराच्या भाकरीची तजवीजही त्याच ठरावात हवी. ओढे आटले तर पहिली घागर त्याच्याच घरची रिकामी राहते. अवर्षणाच्या नगर जिल्ह्याला हे समजावून सांगावयास नको.

गिरणी बंद पडली, तर कामगार बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी पोट भरतो. या पाखराला दुसरे गाव नाही. त्याला संघटना करता येत नाही, अर्जही लिहिता येत नाही. तेव्हा त्याचा अर्ज आपणच लिहावयाचा आहे.