‘पळणे’ आणि ‘प्रदर्शन’ : सर्कशीच्या कायद्यातील बैल

केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने ११ जुलै २०११ रोजी एक अधिसूचना काढली आणि अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या पंक्तीस बैलास आणून बसविले. ज्या प्राण्यांना करमणुकीच्या खेळासाठी शिकविता येत नाही व लोकांपुढे आणता येत नाही, अशांची ती यादी होय. मुळात ती सर्कशीसाठी केलेली. तिच्यातील बिबट्या ओतूरच्या उसात आजही वावरतो. परंतु त्याच्यामुळे ही यादी जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत कोणाच्या गणतीत आली नव्हती. बैलाचे नाव येताच मात्र तिची दखल गावोगावच्या यात्रा-समित्यांना घ्यावी लागली. सर्कशीतील प्राण्यांच्या छळाविरुद्ध उभा राहिलेला विचार बैलगाड्याच्या घाटापर्यंत कसा पोहोचला, आणि त्या प्रवासात शब्दांनी कोणती भूमिका बजावली, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकास उद्बोधक आहे.

सर्कस महाराष्ट्रास परकी नाही. कुरुंदवाडकरांच्या पदरी असलेले अश्वविद्यानिपुण विष्णुपंत छत्रे यांनी चिआरिनी या इटालियन सर्कसवाल्याचा खेळ पाहिला आणि १८८० साली मुंबईत स्वतःची सर्कस उभी केली. पुढे कार्लेकर, देवल आदींनी तो व्यवसाय वाढविला. पुण्याचे दामू धोत्रे हिंस्र श्वापदांचे शिक्षक म्हणून अमेरिकेपर्यंत गेले. या वैभवाचा अभिमान मराठी माणसाने बाळगला, आणि त्यात काही वावगेही नव्हते. परंतु तंबूत दिसणाऱ्या शिस्तीमागे पिंजरा, उपासमार आणि चाबूक असतो, ही जाणीवही हळूहळू रुजत होती. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत १९५३ साली प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारे अशासकीय विधेयक मांडले. सरकारतर्फे व्यापक कायदा करण्याचे आश्वासन मिळाल्यावर त्यांनी ते मागे घेतले. त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच होत.

या कायद्याचे पाचवे प्रकरण ‘खेळ करणाऱ्या प्राण्यां’विषयी आहे. त्यातील एकविसाव्या कलमात ‘प्रदर्शन’ या शब्दाची व्याख्या आहे, आणि ती फार मोलाची आहे. जेथे लोकांना तिकीटविक्रीने प्रवेश दिला जातो अशा करमणुकीत प्राणी दाखविणे, म्हणजे प्रदर्शन. शिक्षण म्हणजे अशा प्रदर्शनासाठी दिलेले शिक्षण. व्याख्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तंबू होता, तिकीटखिडकी होती, हे उघड आहे. बाविसाव्या कलमाने केंद्र सरकारला विशिष्ट प्राणी वर्ज्य ठरविण्याचा अधिकार दिला. तो १९९१ साली वापरला गेला. सर्कसवाल्यांनी त्यास आव्हान दिले. १९९८ साली सुधारलेली यादी निघाली व तीतून कुत्रा वगळून सिंह घेण्यात आला. केरळ उच्च न्यायालयाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाने १ मे २००१ रोजी ती यादी ग्राह्य ठरविली. त्यानंतर सर्कशींतून वाघ-सिंह नाहीसे होत गेले.

आता तिकिटाची ही अट मराठी मुलखातील अनुभवाशी ताडून पाहावी. नंदीबैल दारोदार मान डोलावतो, दरवेशी अस्वल नाचवीत असे, माकडवाला डमरू वाजवितो. यांपैकी कोणाकडे तिकीट नसते. असते ती ओंजळभर धान्याची किंवा नाण्याची अपेक्षा. तरीही मराठीत या सर्वांस आणि सर्कशीलाही एकच शब्द आहे : ‘खेळ’. ‘सर्कशीचा खेळ’, ‘अस्वलाचा खेळ’, ‘माकडाचा खेळ’. बैलगाड्याच्या शर्यतीला मात्र कोणी ‘बैलांचा खेळ’ म्हणत नाही. ती ‘शर्यत’ असते. तीत घाट असतो, बारी असते, वेळ असते, बक्षीस असते. लोकांच्या लेखी ही दोन वेगवेगळ्या जातींची कर्मे आहेत. म्हणूनच ‘आमचा बैल सर्कशीतल्या वाघाच्या यादीत कसा?’ हा घाटावरचा प्रश्न केवळ आडमुठेपणाचा नव्हता. शर्यतीला तिकीट नाही, सबब बाविसावे कलम तिला लागू नाही, हा युक्तिवाद शर्यतीच्या बाजूने न्यायालयातही झाला.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील शर्यतीचे स्वरूप इतरत्रच्या शर्यतींहून निराळे आहे. चढाच्या धावपट्टीस येथे ‘घाट’ म्हणतात. गाड्यास दोन जोड्या, म्हणजे चार बैल जुंपतात. गाड्यावर हाकणारा नसतो. पुढे घोडी धावते आणि बैल तिच्यामागे सुटतात. ‘भिर्रर्र’ असा पुकार होतो आणि सारा निकाल काही सेकंदांत लागतो. विदर्भातील शंकरपट अथवा दक्षिण महाराष्ट्रातील गाडीवान असलेली शर्यत यांच्याशी हिचे नाते आहे, पण रूप वेगळे आहे. ट्रॅक्टर आल्यानंतर औतापुरता बैल दारातून नाहीसा होत असताना घाटाच्या बैलाने खिल्लार जात गोठ्यात टिकवून धरली, असे शर्यतीचे पुरस्कर्ते सांगतात. त्यात तथ्य आहे. पण घाटाच्या तोंडाशी बैलास काठीने झोडपणे, शेपटी पिरगाळणे किंवा चावणे, टोकदार खिळ्याने टोचणे, विजेचा झटका देणे, हेही प्रकार होत आले. यास ‘लाडाने पोसलेला बैल’ हे उत्तर पुरत नाही. वर्षभर केलेले लाड घाटाच्या तोंडाशी विसरले जाऊ शकतात.

महाराष्ट्र सरकारने २०११ मध्येच शर्यतींवर बंदी घातली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी, तामिळनाडूतील जल्लिकट्टूसमवेत, महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतही अवैध ठरविली. प्राणिकल्याण मंडळ त्या प्रकरणात पक्षकार होते. न्यायालयाने तिकिटापाशी न थांबता कायद्याच्या तिसऱ्या व अकराव्या कलमांचा आधार घेतला. प्राण्यास अनावश्यक वेदना होऊ न देणे हे त्यास बाळगणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, असे प्रतिपादन झाले. घोडा धावतो तसा बैल धावत नाही. तो भ्याला म्हणजे दूर पळू पाहतो, असा त्यातील शास्त्रीय आशय होता.

येथे मराठीचे एक क्रियापद विचारात घेण्याजोगे आहे. घाटावर बैल ‘धावतो’ असे क्वचितच ऐकू येते. तेथे बैल ‘पळतो’, गाडा ‘पळवितात’, आणि चांगल्या बैलाची ओळख ‘पळणारा’ अशी करून दिली जाते. ‘धावणे’ संस्कृत ‘धाव्’पासून आले, ‘पळणे’ मात्र ‘पलाय्’पासून, म्हणजे ज्यापासून ‘पलायन’ झाले त्याच मुळापासून. मराठीत ‘पळणे’ म्हणजे वेगाने जाणे हे खरे, आणि ‘पळणे’ म्हणजे भिऊन निसटणे हेही खरे. चोर पळतो, सैन्य पळते, बैल पळतो. न्यायालयापुढे जो वाद शरीरशास्त्राच्या परिभाषेत चालला, त्याचे दोन्ही पक्ष या एका क्रियापदात नांदत आहेत. व्युत्पत्तीवरून बैलाच्या मनातील भीती सिद्ध होत नाही, हे सांगावयास नकोच. शब्दाचा उगम हा पुरावा नव्हे. परंतु ‘बैल आपल्या हौसेने पळतो’ असे ठामपणे म्हणणाऱ्याच्या वाक्यात हौस ज्या शब्दावर टेकली आहे, तो शब्द हौसेची ग्वाही देत नाही, इतके निश्चित.

बंदीच्या काळात जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात जी संघटित चळवळ झाली ती मुख्यतः शर्यतीच्या बाजूची होती. निवेदने दिली गेली, मोर्चे निघाले. शिरूर लोकसभा मतदारसंघाच्या प्रचारात हा विषय अग्रभागी आला. प्राण्यांच्या बाजूने झालेले प्रयत्न बव्हंशी शहरांतून आणि न्यायालयांतून झाले. याचे कारण गावात दया नाही असे नव्हे. गाडामालक हा नात्यातला, आळीतला किंवा सोसायटीच्या पंचातला असतो. त्याच्याविरुद्ध तक्रार लिहून देणे म्हणजे पुढच्या यात्रेस आपल्याच गावात परके होणे.

या दडपणाचा परिणाम नव्या कायद्याच्या शब्दांवर दिसतो. राज्य विधिमंडळाने २०१७ साली १९६० च्या कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली आणि तीस राष्ट्रपतींची संमती मिळाली. या दुरुस्तीत शर्यतीची जी व्याख्या आहे तीत ‘बैलगाडा शर्यत’, ‘छकडी’ आणि ‘शंकरपट’ ही तिन्ही लोकनामे जशीच्या तशी आली, आणि गाडीवान असो वा नसो, दोन्ही प्रकार तीत सामावले. ‘गाडीवान नसो’ हे शब्द पुणे जिल्ह्याच्या घाटाला नेमके लागू पडतात. परदेशी घडणीच्या कायद्यात लोकव्यवहारातील तीन मराठी नावे शिरावीत, ही भाषिक घटना म्हणून लहान नाही. व्याख्येत परंपरा व संस्कृती यांचा उल्लेख आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी बंधनकारक आहे. त्याचबरोबर बैलास वेदना देणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास ठरविण्यात आला. मूळ कायद्यात क्रौर्याच्या पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ज्या दुरुस्तीने शर्यत परत आणली तिनेच क्रौर्याची किंमत किती वाढविली ते कळते. शर्यतीच्या पुरस्कर्त्यांनी मोठ्या हर्षाने स्वीकारलेल्या कायद्याची ही बाजू यात्रेतील ध्वनिक्षेपकावरून क्वचितच सांगितली जाते.

मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींस अटकाव केला. सर्वोच्च न्यायालयापुढे राज्याच्या वतीने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेविषयीचा अहवालही आला, आणि १६ डिसेंबर २०२१ रोजी दुरुस्ती व नियम पाळून शर्यती घेण्यास मुभा मिळाली. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. एखादी प्रथा संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे विधिमंडळाने ठरविले असता न्यायालयाने त्यात वेगळे मत देऊ नये, अशी पीठाची भूमिका होती. आणि दुरुस्तीमुळे प्राण्यांच्या वेदना बऱ्याच प्रमाणात कमी होतात, असे त्यांनी मानले. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा नाजूक आहे. वेदना कमी होतात त्या नियम पाळल्याने. नियम लिहिल्याने नव्हे. पीठासही ते मान्य असावे, कारण दुरुस्त कायद्याच्या काटेकोर अंमलबजावणीसाठी जिल्हाधिकारी व सक्षम अधिकारी जबाबदार राहतील, असा स्पष्ट निर्देश निकालात आहे.

ओतूरच्या परिसरात शर्यत पाहावयास गेलेल्या आणि बैलास खिळा टोचलेला पाहिलेल्या माणसास आज न्यायालयात जाण्याचे कारण नाही. परवानगीची अट मोडली एवढे पुण्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविले तरी कायद्याचे चाक फिरू शकते. अडचण तक्रारीच्या भाषेची आहे. कायद्यास ‘वेदना अथवा यातना’ दाखवून हव्या असतात. घाटावरचा साक्षीदार ‘जरा हाणला’, ‘थोडा डिवचला’ असे म्हणतो. ‘जरा’ आणि ‘थोडा’ ही दोन क्रियाविशेषणे शेजाऱ्याच्या भिडेपोटी येतात, आणि चौकशीच्या कागदावर तीच लिहून घेतली जातात.