जीपच्या मागील डिफरन्शियलची दुरुस्ती

वळणावर बाहेरील चाकास आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. हा वेगभेद साधणारी दंतचक्रांची रचना म्हणजे डिफरन्शियल होय. मागील आसाचा हा भाग झिजला की घरघर ऐकू येते व गाडी उचल घेताना ठोका बसतो.

प्रथम वंगण काढून पाहावे. त्यात धातूचे कपचे आढळल्यास दात मोडले असे समजावे. क्राउन व्हील व पिनियन ही जोडी एकत्र जुळविलेली असते. म्हणून त्यांपैकी एकच चक्र बदलू नये. झिजलेली बेअरिंगे बदलून दातांमधील मोकळीक शिम घालून पुस्तिकेतील मापास आणावी.

अधिक ओढीसाठी दंतप्रमाण बदलावयाचे असल्यास दोन्ही आसांचे बदलावे. जुन्या विलिस जीपमध्ये ३९ व ८ दातांच्या जोडीचे प्रमाण ४.८८, तर ४३ व ८ दातांच्या जोडीचे ५.३८ असे. पुढे एक व मागे दुसरी बसविल्यास चारही चाकांना गती देताच दोन्ही आस परस्परांविरुद्ध ओढतात, टायर घासतात आणि ट्रान्सफर केस मोडण्याचा धोका संभवतो. सबब जोडी घेण्यापूर्वी दोन्हीकडील दात मोजून घ्यावेत.